कॅसेट उलटताना

१

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझा राग चोरीवर नाही. माझी रेकॉर्डिंग्ज फुकट आहेत. ज्याला हवी त्याने खुशाल उतरवून घ्यावीत, गाडीत लावावीत, कपडे वाळत घालताना लावावीत, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्यात हात घालायचा नाही. एवढी एकच अट मी घातली होती, तीही ठळक अक्षरांत. आणि तरीही एका दीडशहाण्याने हात घातलाच.

मी कान तपासतो. म्हणजे दवाखान्यात मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे, दुहेरी दाराची, भिंतींना जाड स्पंज. पेशंटला आत बसवायचं, हेडफोन चढवायचा आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. दिवसभर हेच. दुपारी एक ते दोन दवाखाना बंद असतो, तेव्हा मी डबा घेऊन त्याच खोलीत शिरतो आणि संग्रह उघडतो.

संग्रह म्हणजे एक वेबसाइट. आमच्या तरुणपणी एक बँड होता, गिटार, ड्रम, ऑर्गन आणि बेस, चार माणसं. चाहते त्यांना चौकडीच म्हणायचे. त्यांनी प्रेक्षकांना सांगून ठेवलं होतं की कार्यक्रम बिनधास्त टेप करा, वाटा, फक्त विकू नका. त्यामुळे चौकडीचे हजारावर कार्यक्रम आज संग्रहात पडून आहेत. प्रत्येकाचं एक पान असतं. तारीख, हॉल, टेप कोणी केलं, माइक कुठला, बसायची जागा कुठली. खाली लोकांच्या कमेंट. आणि त्या कमेंट वाचल्या की माझं डोकंच फिरतं. 'त्या दिवशी ड्रमवाला जरा मंद वाटतो.' अरे, तू तेव्हा जन्मला तरी होतास का? आम्ही आठ-आठ तास बसने गेलो, पावाच्या तुकड्यावर दिवस काढला आणि तू घरबसल्या पाय पसरून अक्कल पाजळतोस!

असो. त्यातले बारा कार्यक्रम माझे आहेत. चौकडीचा शेवटचा दौरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचो. शेजारी माझा मित्र लांब दांड्यावर दोन माइक बांधून तो दांडा डोक्यांच्या वर धरून असायचा. म्हणून त्याचं नावच पडलं काठ्या. टेप सुरू झाली की दोघांनी तोंडातून ब्र काढायचा नाही, हा आमचा नियम होता. टाळी नाही, खोकला नाही. बारा कार्यक्रमांच्या अठरा तासांत आमचा एक हुंकार सापडला तर मी मिशी उतरवून देईन.

बोलायचो ते फक्त कॅसेट उलटताना. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं मावायची. ती संपली की झाकण उघडा, कॅसेट काढा, उलटी घाला, पुन्हा दाबा. चाळीस सेकंद जायचे. तेवढं गाणं कायमचं गेलं. बाकीचे टेपवाले दुसऱ्या कोणाच्या टेपमधला तुकडा आणून तिथे चिकटवतात, गाणं अखंड वाटावं म्हणून. मला ती लबाडी वाटते. मी तीन वर्षांपूर्वी माझ्या टेपा चढवल्या तेव्हा भोक तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं, 'कॅसेट उलटतानाचे चाळीस सेकंद यात नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत. कृपया कोणी भरू नयेत.'

त्या मंगळवारी माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या पानाखाली एक नवी नोंद दिसली. 'खंडाशिवाय, संपूर्ण. मधले चाळीस सेकंद: शेजारचा.'

शेजारचा! नाव लिहायची हिंमत नाही, पण लोकांच्या टेपांना ठिगळं लावायची हौस आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोळीचा घास तसाच ठेवून मी फाइल लावली आणि थेट भोकापाशी गेलो, चुका काढायला.

चूक नव्हती. गाणं पुढे चालू राहिलं, स्वच्छ. म्हणजे त्या संध्याकाळी हॉलमध्ये आणखी कोणीतरी टेप करत होतं. असेल बुवा. मग डाव्या कानात वाजलं, खट् खट्. माझ्या टेपरेकॉर्डरचं झाकण. त्याची स्प्रिंग सैल होती, दोनदा दाबावं लागायचं. आणि लगेच माझा आवाज, एकतीस वर्षांनी तरुण.

"पाणी दे रे."

उजव्या कानात कोणीतरी हसलं. "आधी हात बदलू दे, मेल्या. दांडा काय तुझा काका धरणार?"

काठ्या होता तो. बाराव्या कार्यक्रमात, माझ्या शेजारच्या खुर्चीत तो गेला. त्यानंतर मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो.

२

माझ्या रागानेच माझा घात केला. गप्प बसलो असतो तर काही झालं नसतं. पण संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यापासून माझी बडबड सुरू.

बायको आतल्या खोलीत शिवणयंत्रावर होती. लोकांच्या पँटी आखूड करून देणं, चेन बदलणं, हे तिचं काम. ते यंत्र चालू असलं की घर चालू आहे असं मला वाटतं. मी दारातूनच सुरू झालो. "हद्द झाली! आमचं खासगी बोलणं जगाला ऐकवतोय हा आगाऊ माणूस. कोणी सांगितलं होतं याला? विचारायची पद्धत आहे की नाही?"

यंत्र थांबलं. "कोणाचं बोलणं?"

तेव्हा मला कळलं, आपण काय करून बसलो. कारण काठ्या तिचा सख्खा थोरला भाऊ.

आमच्या घरात काठ्याचे फोटो आहेत, चष्मा आहे, त्याचा एक स्वेटर आहे. आवाज नव्हता. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एकदा ती म्हणाली होती, "अहो, मला दादाचा आवाज आठवेनासा झालाय." अठरा तास मी त्याच्या खांद्याला खांदा लावून टेप केली आणि त्याच्या बहिणीला एक शब्द देऊ शकलो नाही.

तिने हेडफोन लावला. एकदा ऐकलं, मग परत लावलं. मी मोजत होतो, सात वेळा. मग हेडफोन न काढताच, मोठ्याने बोलतात तशी म्हणाली, "मेल्या म्हणाला! सगळ्यांना मेल्याच म्हणायचा तो." आणि ढसाढसा रडली, आणि रडता रडता हसली.

"कोण आहे हो हा देवमाणूस?"

"देवमाणूस कसला! तक्रार करतोय मी त्याची."

"खबरदार तक्रार केलीत तर." डोळे पुसून ती म्हणाली, "अजून अकरा असतील ना?"

"अकरा काय?"

"अकरा वेळा आणखी कॅसेट उलटली असेल ना तुम्ही. शेवटच्या दिवशीही उलटलीच असेल."

उलटली होती. त्या शेवटच्या चाळीस सेकंदांत काठ्या मला काहीतरी म्हणाला होता आणि मी त्याला उत्तर दिलं होतं. आणि मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं की तो काहीच बोलला नाही, शेवटपर्यंत मजेत होता. त्याच्या बहिणीने तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हटलं होतं, "निदान तुम्ही होतात त्याच्याजवळ." दोन वर्षांनी तिने माझ्याशी लग्न केलं ते याच एका गोष्टीवर. दुसरं काय होतं माझ्यात? आणि आता ते बारावं भोक कोणी भरलं, तर ती ऐकेल. मग हे घर राहत नाही.

३

संग्रह सांभाळणारा एक माणूस आहे. त्याला कोणी पाहिलेलं नाही, सगळे त्याला घुबड म्हणतात. मी त्याला दीड पान पत्र लिहिलं. त्यात अधिकार, सभ्यता, संस्कार, सगळं काढलं. त्याचं उत्तर चार ओळींचं.

'तक्रार मिळाली. भरणं नियमात बसतं. पण मूळ टेपवाला तुम्ही, तुमचा शब्द शेवटचा. काढ म्हणालात तर काढतो. लोक मात्र खूश आहेत.'

लोक! लोकांनी पाच-पाच चांदण्या दिल्या होत्या. 'दोन मित्रांच्या गप्पा ऐकून डोळे पाणावले.' तुमचे डोळे पाणावतील हो, तुमच्या बापाचं काय जातंय?

काढ म्हणायला माझी काही हरकत नव्हती. पण बायकोला कारण काय सांगणार? दर मंगळवारी एक फाइल येत होती. दुसरा कार्यक्रम, तिसरा, चौथा, ओळीने. सोमवारपासूनच तिचा चेहरा उजळायचा. मी दुपारी दवाखान्यात ऐकायचो, ती घरी ऐकायची आणि संध्याकाळी मला सांगायची, दादा काय म्हणाला. तिसऱ्यात त्याने बूट चावतोय म्हणून तक्रार केली होती. पाचव्यात आईला पत्र टाकायचं राहिलं म्हणाला होता. सगळं खरं होतं. मला एकेक आठवत गेलं.

मी डोकं शांत ठेवून विचार केला. कोणीतरी आमच्या मागच्या रांगेत बसून टेप करत असणार. आमच्याच दोन खुर्च्यांच्या फटीत माइक धरला असेल, म्हणून मी डावीकडे आणि काठ्या उजवीकडे ऐकू येतो. बाराही दिवस? असतात असे वेडे, आम्ही नव्हतो का? सातवा मंगळवार येईपर्यंत मी या उत्तरावर तग धरून होतो. सातव्या कार्यक्रमात आम्ही शेवटच्या रांगेत बसलो होतो, पाठ भिंतीला टेकवून. मागे कोणी बसायचं तर भिंतीत बसावं लागलं असतं. आणि त्या दिवशीही आवाज तसाच, मी डावीकडे, काठ्या उजवीकडे.

मी घुबडाला पुन्हा लिहिलं. हा शेजारचा कोण आहे, कुठे राहतो, त्याचा पत्ता द्या.

'पत्ता नाही,' त्याने लिहिलं. 'पत्रांना उत्तर देत नाही तो. माइकच्या जागेच्या रकान्यात फक्त 'मध्ये' लिहितो. मला वाटलं तुमच्याच ओळखीचा. तुम्ही तिघं होतात ना?'

'दोघं!!' मी लिहिलं. उद्गारचिन्हं दोन दिली.

'मग माझी ऐकण्यात चूक,' घुबड म्हणाला. 'श्वास तीन वाटले.'

४

वाटले! आवाजाच्या बाबतीत मला कोणी 'वाटले' सांगू नये. मी सत्तावीस वर्षं कान तपासतोय.

नववी फाइल आली त्या दुपारी मी आधी माझेच कान तपासले. एका हाताने बटण, एका हाताने यंत्र. वयाच्या मानाने ठीक निघाले, बारीक आवाजांना थोडी उतरण, बस. मग फाइल लावली. झाकण वाजलं. डाव्या कानात मी घटाघटा पाणी पीत होतो, ते घोट स्पष्ट मोजता येत होते. आणि त्या घोटांच्या वर, उजव्या कानात, काठ्या हळूच म्हणाला, "तुला पण हवं का रे?"

मी तर पीत होतो. बाटली माझ्याच तोंडाला होती. मग तो कोणाला विचारत होता?

पुढच्या माणसाला, मी स्वतःला सांगितलं. काठ्याचा स्वभावच तसा, ओळख नसली तरी पाणी विचारणारा. पण मला दुसरे कान हवे होते. आमच्या काउंटरवर एक बाई बसते, नंबर लावते, फोन घेते. अतिशय व्यवहारी बाई. मी तिला आत बोलावलं, हेडफोन दिला आणि काहीही न सांगता विचारलं, किती माणसं आहेत?

तिने डोळे मिटून ऐकलं. "हे डावीकडचे तुम्ही. काय हो ते पाणी पिणं, हौदच भरताय जसं काही! उजवीकडचे हसतायत ते कोण?"

"माझे मेहुणे."

"आणि हा मधला?"

"मधला कोणी नाही."

"अहो, ज्याला ते पाणी हवं का विचारतायत तो. तो नको म्हणाला की."

"कुठे म्हणाला? मला तर ऐकू नाही आलं."

"बोलला नाही तो. मान हलवली. मान हलवली की कॉलर घासते ना मानेला, तेवढंच आलं. अगदी..." तिने हेडफोन काढला, टेबलावर दूर सरकवला आणि रुमालाने दोन्ही कान पुसले. "साहेब, हे मला परत ऐकायला देऊ नका हं."

"काहीतरीच! यंत्राचा आवाज असेल."

"असेल," ती म्हणाली. दुहेरी दारातलं आतलं दार तिने जाताना उघडंच टाकलं.

मला भीती वाटली नाही, मला राग आला. म्हणजे काय, आमच्या मध्ये बसून हा कोण आमचं ऐकत होता? बाराही संध्याकाळी? काठ्याला तो दिसत होता आणि मला नाही? आणि काठ्या मला एका शब्दाने बोलला नाही?

५

आता सांगतोच. कोणाला तरी सांगायला हवं.

बाराव्या कार्यक्रमाची पहिली बाजू संपली. मी झाकण उघडलं. काठ्या म्हणाला, "ऐक ना. डावा हात बधिर झालाय. छातीत कसंतरीच होतंय. आपण बाहेर जाऊ या का?"

चौकडीचा तो शेवटचा कार्यक्रम होता. त्यानंतर ते कधीच एकत्र वाजवणार नव्हते, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. घाईत कॅसेट नीट बसत नव्हती. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, "गप बस. नाटकं नकोत आता. बाजू संपू दे, मग काय मरायचं ते मर."

आणि दाबलं बटण.

त्यानंतर नियमाप्रमाणे तो बोलला नाही. पंचेचाळीस मिनिटं दांडा सरळ होता. दिवे लागले तेव्हाही सरळ होता, दोन गुडघ्यांत घट्ट धरलेला, आणि त्यावर त्याचं कपाळ टेकलेलं. मला वाटलं, डुलकी लागली. मी त्याला हसून कोपर मारलं. डॉक्टर नंतर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय.

संग्रहात त्या दुसऱ्या बाजूला सगळ्यात जास्त चांदण्या आहेत. 'इतकं स्थिर रेकॉर्डिंग दुसरं नाही,' असं लिहिलंय एकाने. 'माइक जरासुद्धा हलत नाही. दांडा धरणाऱ्याला सलाम.' ही कमेंट मी तीन वर्षांत रोज वाचली आहे.

वीस-बावीस वर्षांची पोरं होतो आम्ही. त्या वयात कोणाला छातीचं काही होतं का? मी थट्टेतच म्हणालो होतो. रोज म्हणायचो, मर, मेल्या. कोणीही म्हणतं. मी काय डॉक्टर होतो? हे सगळं मी एकतीस वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ते खरंही आहे. पण ते बायकोला सांगायची माझी छाती झाली नाही.

अकरावी फाइल येऊन गेली. बायकोने पुढच्या मंगळवारचं काम आधीच उरकायला घेतलं, त्या दिवशी कोणाचे कपडे नकोत म्हणून. सोमवारी दुपारी मी घुबडाला एकच ओळ लिहिली. 'शेजारच्याचं सगळं काढा, अकराच्या अकरा, आणि यापुढे त्याला माझ्या पानांवर येऊ देऊ नका.'

'काढलं,' तासाभरात उत्तर आलं. 'बारावी अजून आली नव्हती. आता येणार नाही. तुमचा शब्द शेवटचा.'

मंगळवारी एक वाजता मी संग्रह उघडला. बाराव्या पानावर माझी एकट्याची नोंद होती, भोकासकट. मी डबा उघडला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. हरामखोराची जिरवली असं मनात आलं, तेही लपवत नाही. दुपारचा पहिला पेशंट बाहेर ताटकळत होता, त्याला मी इतक्या गोड आवाजात आत बोलावलं की तो दचकला.

६

लवकर घरी आलो, साडेचारलाच. उन्हं खिडकीतून आत आली होती. यंत्र बंद होतं, त्यावर फडकं घातलेलं. बायको यंत्रापाशी बसली होती. हेडफोन गळ्यात होता.

"आज मंगळवार," ती म्हणाली.

"हो ना. पण नाही आली गं बारावी. घुबडाने कळवलं, फाइलच खराब निघाली. बाकीच्याही काढल्यात, काहीतरी तांत्रिक भानगड आहे म्हणे." मी बूट काढत बोलत होतो, म्हणजे तिच्याकडे बघायला नको. "एवढी खटपट करून शेवटी माती खाल्ली त्याने. म्हणून मी म्हणत होतो, असल्या लोकांवर..."

"रविवारी आली," ती म्हणाली.

माझ्या हातात एक बूट होता.

"मी त्याला आभाराचं लिहिलं होतं, पहिल्याच आठवड्यात. उत्तर नाही आलं, पण तेव्हापासून तो मला फाइल आधी पाठवतो. रविवारी आली, तुम्ही खाली गाडी धूत होतात तेव्हा. तेव्हापासून वाट बघतेय. म्हटलं, सोमवारी सकाळी चहाला सांगतील. संध्याकाळी सांगतील. आज तरी येऊन सांगतील. एकतीस वर्षं झाली, आता कशाला घाबरायचं, सांगतील."

मी ओरडलो. दुसरं काही येत नव्हतं मला. "त्याला अधिकार काय? माझी टेप, माझा मित्र, आमचं आपसातलं बोलणं! चोरून ऐकणाऱ्याचं तू खरं मानणार, आणि मी..."

"'बाजू संपू दे, मग काय मरायचं ते मर.' असं म्हणालास तू."

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, तिने मला कधी तू म्हटलं नव्हतं. मी खाली बसलो.

"मला वाटलं, तो दमलाय," मी म्हणालो. "खरंच सांगतो. चाळीस सेकंद तर असतात गं ते. चाळीस सेकंदात माणसाला काय कळतं?"

"चाळीस सेकंदांची नाहीये फाइल. सगळी बाजू आहे. पंचेचाळीस मिनिटं."

"ती माझीच जोडली असेल त्याने."

"तुझी नाही. तुझं बटण वाजतं, तुझी टेप सुरू होते. त्याची बंदच होत नाही. दादा बोलतोय त्यात." तिचा आवाज स्थिर होता. "सगळी बाजूभर बोलतोय, हळू. दुखतंय म्हणतो सुरुवातीला. मग नाही म्हणत. मग घरचं बोलतो, माझं बोलतो. मधे एकदा हसला."

"शक्य नाही!" मी उठलो. "माझे माइक त्याच्या डोक्यावर हातभर होते. ती बाजू मी हजार वेळा ऐकलीय. त्यात श्वाससुद्धा नाही त्याचा. नियम होता आमचा!"

"तुझा नियम होता."

"कोणाशी बोलत होता मग?"

"जो थांबला त्याच्याशी," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. माझा हात लहान पोरासारखा पुढे गेला, आपोआप. "दे. मला ऐकू दे. एकदाच. माझ्याबद्दल काही म्हणाला का तो?"

तिने हेडफोन छातीशी धरला. मला वाटलं, चिडेल, रडेल, फेकून मारेल. त्यातलं काही केलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याला तेव्हा तुझ्याशी बोलायचं होतं," ती म्हणाली. "आता बाहेर थांब."

तिने मला दंडाला धरून खोलीच्या दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. माझ्याच घरात! मी दारावर थाप मारायला हात उगारला. माझी टेप, माझी बायको, आणि कुठलाकोण आगंतुक, नाव नाही, गाव नाही, तो तिला हवा आणि मी बाहेर? एकदाच चुकलो मी. एकदाच! त्याची शिक्षा किती वर्षं द्यायची माणसाला?

आतून ती हसली. कित्येक वर्षांत ती तशी हसली नव्हती, लग्नाआधी भावाबरोबर हसायची तशी. माझा हात तसाच राहिला.

"हो," ती आत म्हणाली. थोडा वेळ काही नाही. मग, "आईलाही तेच वाटायचं." पुन्हा थोडा वेळ काही नाही.

रेकॉर्डिंगला उत्तर देतेय, मी स्वतःला बजावलं. माणसं टीव्हीशी बोलतातच की. पण टीव्हीशी बोलणारा माणूस थांबत नाही. ती थांबत होती, उत्तराला लागतो तेवढाच वेळ, आणि प्रत्येक वेळी थांबल्यानंतर तिचा सूर बदललेला असायचा. मी वाकलो. दाराच्या फळीत एक चीर आहे, लाकूड आकसलं तेव्हापासूनची. मी डोळा लावला.

हेडफोन यंत्राच्या फडक्यावर पडला होता. वायर काढून गुंडाळून ठेवलेली. ती आपल्या खुर्चीवर बसली होती. खुर्ची तिने भिंतीकडे सरकवून घेतली होती, आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून पलीकडे दुसरी खुर्ची ठेवली होती. ती त्या मधल्या रिकाम्या जागेकडे आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे आळीपाळीने बघत होती, तीन माणसं बोलत बसली की बघतात तसं.

मग तिने दाराकडे मान वळवली, थेट माझ्या डोळ्याकडे.

"नाही," ती कोणाला तरी म्हणाली. "गेला नाहीये. दाराशी उभा आहे. राहू दे तिथेच."